सगळ्यात थंड जागा

आमचे बाबा सुरतेत बँकेत नोकरीला, घर भाड्याचं, आणि हौस मात्र बोटीची! मगदल्ल्याच्या धक्क्यावर एका सुरती मित्राबरोबर भागीत त्यांनी जुनी शिडाची बोट घेतली. बारकं इंजिन, आत चार माणसं कशीबशी निजतील एवढी जागा. नव्वदीतली गोष्ट, मी तेव्हा कॉलेजात होते.

आईला रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. औषध गार राहणार असेल तरच बोटीवर येईन, असं तिने बजावलं होतं. त्यासाठी बर्फाची साधी पेटी पुरली असती. पण नाही! बाबांनी अलंगला मोडलेल्या कुठल्याशा जहाजातला, बॅटरीवर चालणारा फ्रिज शोधून आणला. मग काय विचारता त्याचे लाड! दर रविवारी दाराचं रबर पुसायचं, बॅटरीत पाणी घालायचं, खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून मागच्या नळ्या तेलाच्या फडक्याने पुसायच्या. आईची शुगर किती आली, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

दमणला निघालो तेव्हा मित्रकाकांनी पापलेटं आणून फ्रिजमध्ये ठेवली. खाली एकच कप्पा, वर बर्फाचा. आई माळकरी घरातली, मासळीला लागलेली बाटली ती हातात धरणार नाही. "अहो, ते तिथून हलवा बाई," ती म्हणाली. बाबांनी हलवलं की! आईच्या बाटल्या उचलल्या आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. वर मित्रासमोर ऐट म्हणून थंडीचं बटण पूर्ण फिरवलं.

सकाळी बाटल्या गोठून दगड झालेल्या. बाबांनी त्या उन्हात ठेवून वितळवल्या.

"कसं दाणे दाणे दिसतंय हो," आई म्हणाली.

"हलव जरा. काही होत नाही."

तिने मुकाट्याने टोचून घेतलं. जन्मभर हेच केलं तिने, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी तिला कितीही पाणी प्यायली तरी पुरेना, मग उलट्या सुरू झाल्या. बाबा म्हणाले, बोट लागली असेल. मी आरडाओरडा करून बोट डोक्यावर घेतली, तेव्हा कुठे ते मागे वळले.

सुरतेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, इन्सुलिन कुठे ठेवलं होतं?

"फ्रिजमध्ये. सगळ्यात थंड जागी," बाबा ताठ मानेने म्हणाले.

एकदा गोठलं की ते वाया गेलं, म्हणजे तुम्ही त्यांना औषध दिलंच नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तरी हा माणूस जागचा हलला नाही. मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

आई वाचली. बोलायला लागली तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं, "अहो, बर्फात मासळीच का नाही ठेवलीत?"

बाबा लगेच म्हणाले, "अगं, गोठली की चव जाते तिची."