तिसरा वाटा

दौंडच्या मोहल्ल्यात रजियाबीला कामवाली म्हणायची कुणाची टाप नव्हती. बकरी ईदला इक्बालभाईंच्या घरून बोलावणं आलं की ती सुरी पदराखाली घेऊन अशी निघायची, की बघणाऱ्याला वाटावं बाई माहेरी चालली. तिला खरं माहेर उरलंच नव्हतं. खुटबावचं घर भावाबरोबर संपलं, नवरा त्याच्याही आधी गेला. राहिलं होतं ते हे एकच दार.

त्या वर्षांत ईद ऐन उन्हाळ्यात पडायची. दुपारपर्यंत माशा, संध्याकाळपर्यंत वास. मटणाचे तीन वाटे व्हायचे: घरचा, नात्यागोत्याचा आणि गोरगरिबांचा. गरिबांचा वाटा झटपट दारोदार पोचायचा. त्यात जेवढी दानत असायची तेवढाच उन्हाचा धाकही असायचा. घरच्या वाट्यातलं काही मात्र मोहरमला गहू-डाळ-मटणाचा खिचडा शिजेपर्यंत, म्हणजे पुढं महिनाभर राखायचं. ते काम रजियाबीचं.

ती पातळ, लांब पट्ट्या कापायची, हळद-मीठ चोळायची आणि दोरीवर वाळवायची. चान्या म्हणतात त्यांना. पट्टी मोडली तर वाळली. नुसती वाकली तर आत ओल आहे, ती लगेच रांधून खायची. उरलेलं मटण त्याच्याच चरबीत पाणी पार आटेपर्यंत परतायचं आणि निवल्यावरच बरणीत भरायचं. कुणी घाई केली की ती खेकसायची, "गरम भरलंस तर घाम सुटंल आतून. मग खिचडा न्हाई, दवाखाना!"

इक्बालभाईंची आई, बडी अम्मा, खाटेवर बसून हे सगळं बघायची. कुर्बानीचं मटण कुणाला मजुरी म्हणून देता येत नाही, हा धर्माचा नियम. पहिल्याच वर्षी बडी अम्मानं त्याचा निकाल लावून टाकला होता. "मजुरी म्हणून द्यायचं न्हाई, आन् तुला रिकाम्या हातानं धाडायचं न्हाई. मग तू कोण झालीस? नात्यातलीच झालीस." आणि दुसऱ्या वाट्यातला चांगला मांडीचा तुकडा रजियाबीच्या भांड्यात पडला. तेव्हापासून दरवर्षी पडत आला. रजियाबी त्या तुकड्याची भुकेली नव्हती. तो कुठल्या ढिगातून येतो, त्यावर तिचं वर्ष जायचं.

मग बडी अम्मा गेली. घरात इक्बालभाईंची सून जास्मिन आली, पुण्याची, आणि तिच्या मागोमाग पाणघोड्यासारखा एक पांढराशुभ्र डीप फ्रीज आला. दोन हजार सालची ईद मार्चातली. रजियाबी दोरी घेऊन गेली, तर जास्मिन हसून म्हणाली, "खाला, ते वाळवणं-बिळवणं आता नको. दोरीवर लटकलेलं बघून मला कसंतरीच होतं. तुम्ही फक्त पिशव्या भरून द्या."

भरल्या. काम आहे म्हटल्यावर रजियाबी ते वेडंवाकडं करणारी नव्हतीच. गोळा करून कोंबलं की मधलं मटण गोठत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हात लावल्यावर कळलं. म्हणून तिनं पिशव्या थोड्या थोड्या भरल्या, थापून चपट्या केल्या आणि प्रत्येकीला आपली दुहेरी गाठ मारली. निघताना जास्मिननं तिच्या एका हातात नोट ठेवली. "हे कामाचे." मग दाराजवळच्या ढिगातून एक पिशवी उचलून दुसऱ्या हातात दिली. "आणि हे घ्या."

दाराजवळचा ढीग तिसरा होता.

धर्माच्या हिशेबानं सगळं बिनचूक होतं. मजुरी पैशात, मटण गरिबांत. त्या पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. वाईट असतं तर भांडता आलं असतं. रजियाबी दोन हातांत दोन वस्तू घेऊन घरी आली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

एप्रिलात, मोहरम तोंडावर आला असताना मोहल्ल्याची डीपी जळाली. वायरमन येतो म्हणाला आणि लाईट बरेच दिवस आली नाही. ज्या घरात हिवाळा विकत आणून ठेवला होता, तिथंही उन्हाळा शिरला. लाईट आली तेव्हा इक्बालभाईंकडं खिचड्यासाठी खाटकाकडून ताजं मटण आलं, आणि फ्रीजमधल्या पिशव्या वाटायला निघाल्या. वाया कशाला घालवायच्या! एक रजियाबीच्या दारात आली, झाकलेल्या स्टीलच्या डब्यातून.

तिनं झाकण काढलं. गाठ तिचीच, दुहेरी. पण थापून चपटी केलेली पिशवी आता एका कोपऱ्यात ओघळून गोळा झाली होती, आणि तळाला लाल पाण्याचा बर्फ धरला होता. विरघळून पुन्हा गोठलेली. तिनं गाठ सोडली आणि तोंड फिरवलं.

शेजारची साखरबाई कुंपणावरून बघत होती. रजियाबीला खड्डा खणताना पाहून ती म्हणाली, "अगं, उकिरड्यावर टाक की. एवढी खणत कशापायी बसलीस?"

"कुर्बानीचं हाय. टाकता येत न्हाई."

"नासलेलं धाडू न्हाई, हे त्यास्नी कळाय नको व्हय?"

रजियाबीनं कुदळ खाली ठेवली. "त्यांना कळलं म्हणूनच तर माझ्याकडं आलं, साखरबाई," ती म्हणाली आणि रडली. बडी अम्माच्या मयताला रडली नव्हती एवढी रडली.

आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिची जन्माची रीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. या वेळी तिनं डबा राखेनं घासला, कोरडा पुसला आणि तसाच रिकामा घेऊन गेली. एवढं मोठं भांडण तिनं आयुष्यात कुणाशी केलं नव्हतं.

जास्मिननं डबा घेतला आणि आत न बघताच फळीवर ठेवला. "झालं का मटण, खाला?"

"न्हाई खाल्लं, बेटा. नासलं हुतं. पुरलं मी."

"पुरलं?" जास्मिनला खरंच हळहळ वाटली. "अहो, मग परत पाठवायचं ना! दुसऱ्या कुणाला तरी दिलं असतं."