बॅटरीले ऊन लागलं

मी छत्तीस वर्षं अमरावतीच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे आमच्या घरात विजेचं काही बिघडलं की आधी मला दूर बसवतात. फ्यूज उडाला की बायको शेजारच्यांना हाक मारते आणि मला म्हणते, "तुमी चहा घ्या."

हा डाग धुऊन काढायची संधी मला निवृत्तीनंतर मिळाली. एका शाळेची जुनी मिनीबस विकायला निघाली होती, ती मी घेतली. बाकं उपटली, दोन बर्थ ठोकले, गॅसची शेगडी बसवली. छोटा फ्रीज, छोटा कूलर, टपावर सोलरच्या चार पाट्या. चालतं-फिरतं घर! (सुनंदा, म्हणजे माझी बायको, त्याला 'खटारा' म्हणते. बाई अकोल्याची आहे. कोणाचं कौतुक करायची वेळ आली की तिकडच्या लोकांच्या जिभेला मुंग्या येतात.)

हे सगळं मी केलं ते मायसाठी. माझी माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली आणि तिने अजून समुद्र पाहिलेला नाही. एकदा टीव्हीवर लाटा पाहून तिने मला विचारलं, "एवढं पानी खरंच हाय का रे मधू, का नुसतं दाखवाचं हाय?" मायला याच गाडीत गारेगार झोपवून न्यायचं आणि समुद्रापुढे उभं करायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

आता बॅटरी. गाडीत आधी माझ्या साळ्याने दिलेल्या ॲसिडच्या दोन बॅटऱ्या होत्या. साळ्याचं नाव गजू. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं बॅटऱ्यांचं दुकान आहे, आणि डिस्टिल्ड वॉटर टाकलं की जगातला कोणताही प्रश्न सुटतो अशी त्याची श्रद्धा आहे. त्या बॅटऱ्यांचं काय वर्णन करू! दोघांनी मिळून उचलल्या तर कंबर जाणार, एकट्याने उचलली तर माणूसच जाणार. दर महिन्याला झाकणं उघडून त्यांना पाणी पाजा. सुनंदाची एक साडी त्यांना नुसती लागली, तर तिच्यातून रवा चाळता येईल एवढी भोकं पडली. बरं, मरताना तरी नीट मराव्यात? तेही नाही! आधी पंखा हळू, मग दिवा पिवळा, असं दोन-दोन तास कण्हत पडायच्या.

मी लिथियम बॅटरीचे व्हिडिओ पाहिले. पाच-दहा नाही, चाळीस पाहिले. वजन निम्म्याहून कमी, पाणी नको, वास नको, तब्येत मोबाइलवर दिसते. घेतली! जुन्या दोन्ही त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन परतीचे दोर कापून टाकले, आणि गजूला मुद्दाम बोलावून घेतलं. जळायला माणूस समोर नसेल तर नवी वस्तू घेण्यात मजा ती काय?

गजूने बॅटरी एका हाताने उचलली. मग नारळ हलवतात तशी कानाशी नेऊन हलवली.

"जिजाजी, ह्यात हाय काय?"

"लिथियम."

"थे समजलं. पन हाय कुठं? डबा तं रिकामा लागते."

"अरे येड्या, बॅटरी वजनावर घेत नसतात!"

"काहून? कापूस वजनावर, तूर वजनावर, भंगार वजनावर. मंग तुमचीच बॅटरी तेवढी भरवशावर घ्याची?"

असल्या माणसाला काय सांगायचं? तरी मी सांगितलं. तासभर सांगितलं. फळ्याशिवाय जेवढं सांगता येतं तेवढं सगळं सांगितलं. गजू मध्येच उठून पान खाऊन आला आणि मला वाटतं त्याला काहीही चुकल्यासारखं झालं नाही.

बॅटरीला धक्का बसू नये म्हणून मी सागवानी पेटी करून घेतली. आतून चारही बाजूंनी कापसाची जुनी गोधडी ठोकली, वर घट्ट झाकण बसवलं. ही पेटी गाडीच्या मागच्या भागात बरोबर बसली, म्हणजे सायलेन्सरच्या नेमकी वर. इथे एक सांगून ठेवतो. 'उष्णतेचे दुर्वाहक' हा धडा मी छत्तीस वेळा शिकवलेला आहे. कापूस, लाकूड, कोंडलेली हवा. उदाहरणांसह.

तेवढ्यात मे महिन्यात गजूने पातूरजवळच्या त्याच्या वावरात रोडग्यांचं जेवण ठेवलं. सगळी सासुरवाडी गोळा होणार. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरून तूप! माय म्हणाली, "मी बी येतो." सुनंदा म्हणाली, "बाप्पा, ह्या उन्हात? अन् आत्याबाईचं इन्सुलिन? तिथं दिवसा लाइन नसते." (आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी माय.)

"इन्सुलिन फ्रीजमध्ये! माय कूलरपुढे! लिथियम आहे आपल्याकडे!"

सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बत्तीस वर्षांपूर्वी साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी पाहिलं होतं. आत्ता थांबवलं तर थांबेल, असं.

"आयका," ती म्हणाली. "पातूरले जाऊन येऊ. आत्याबाईले तरास नाही झाला तं डिसेंबरात समुद्र. झाला तं खटारा इकाचा. मंग मले काही सांगाचं नाही."

"मंजूर!" मी म्हणालो. छाती फुगवूनच म्हणालो.

निघायच्या दिवशी माय काखेत एक मडकं घेऊन दारात उभी. ओल्या फडक्याने बांधलेलं, भाजीच्या पातेल्याएवढं.

"माय, गाडीत फ्रीज आहे ना! हे मातीचं गाडगं कशाला?"

"असू दे ना. थे काय तुले खायाले मांगते?"

मी हसलो. मायच्या पिढीला विज्ञानाचं वारंच लागलं नाही, असं काहीतरी सुनंदाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. पुढे इन्सुलिनचा विचार मी केला नाही. ते खातं मी फ्रीजकडे दिलं होतं.

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, अकोला गेलं. कूलर घरघरत होता, माय घोरत होती, मी आरशात स्वतःकडे पाहून दोनदा हसलो. वावरात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. सासुरवाडीची पंचवीस-तीस माणसं बांधावरच्या कडुनिंबाखाली घाम पुसत बसली होती, आणि आमची गाडी आतून थंडगार! एकेकाला मी आत बोलवून हवा खाऊ घातली. गजूलाही. तो बर्थवर टेकला आणि म्हणाला, "थंड हाय, पन वजन नाही." जळू दे!

साडेबाराला कूलर बंद पडला.

ना कण्हणं, ना पिवळा दिवा, ना काही नोटीस. ठप्प! फ्रीजही गप्प. सुनंदाचा आवाज आला, "काय झालं जी?"

"काही नाही. बॅटरी विश्रांती घेते आहे."

"अन् कूलर?"

"तोही."

"मायबाई! विश्रांती घ्याले ते काय शिक्षक हाय?"

गजू धावत आला. धावताना त्याच्या तोंडावर जो आनंद होता, तो त्याच्या लग्नातही मी पाहिला नव्हता.

"मेली?"

"मेली नाही!"

"आमची बॅटरी सांगून तरी मरते, जिजाजी. दोन तास आधी निरोप देते. तुमची तं बिनबोलता गेली! थांबा, ट्रॅक्टरची बॅटरी आनतो, जोडून देऊ."

"हात लावू नको!" मी असा ओरडलो की रोडगे परतणारी माणसं चिमटे घेऊन उभी राहिली.

मी शांतपणे मोबाइल काढला. लिथियमची तब्येत मोबाइलवर दिसते, हे मी त्या सगळ्यांना निदान चार वेळा ऐकवलं होतं. मोबाइल म्हणाला, पासवर्ड टाका. टाकला. म्हणाला, चुकला. म्हणाला, ओटीपी पाठवतो. आणि वावरात रेंज नाही! मग काय, चढलो गाडीच्या टपावर. डोक्यावर टोपी नाही, रुमाल नाही, पातूरचं दुपारचं ऊन. दम लागला म्हणून सोलरच्या पाटीवर बसलो, आणि बसलो तसाच उठलो. खालून कोणीतरी विचारलं, "मास्तर नाचून काहून राहिले?"

गजू म्हणाला, "टावर शोधून राहिले."

वीस मिनिटांनी ओटीपी आला. खाली उतरलो. पडद्यावर लाल अक्षरं होती: तापमान जास्त, सुरक्षेसाठी बॅटरी बंद. मी पेटीचं झाकण उघडलं. आतून जी वाफ आली, तिच्यात आणखी दोन रोडगे सहज भाजून निघाले असते. खाली सायलेन्सर, भोवती गोधडी, वर घट्ट झाकण. छत्तीस वर्षांचा तो धडा माझ्यापुढे उघडून पडला होता. खरं सांगतो, मला रडू येत होतं. डिसेंबर गेला, समुद्र गेला, गाडीही गेली. आणि हे सगळं गजूच्या देखत!

माय बर्थवरून उतरून मागे आली. "काय म्हनते रे थे?"

"तापमान जास्त झालं म्हणते."

"म्हंजे ऊन लागलं त्याले."

"माय, ते यंत्र आहे!"

"यंत्राले काय ऊन लागत नाही? गोधडीत गुंडाळून चुलीवर बसोलं तू त्याले! मानूस असता तं कवाच मेला असता." ती वळली. "गज्या, उचल त्याले, निंबाखाली ने. सुनंदा, पोतं भिजव. पानी निथळून आन. अन् मधू, तू बाजूले हो."

मला पुन्हा दूर बसवलं! मी तारा तेवढ्या सोडवून दिल्या (तेवढं तरी मला करू दिलं). गजूने बॅटरी एका हाताने उचलली आणि सगळ्यांना दाखवत नेली. निंबाखाली बाज होती, तिच्यावर निजवली. मायने ओलं पोतं चारही बाजूंनी लपेटलं, वरचा भाग मोकळा ठेवला. "तोंड उघडं राहू दे, जीव घुसमटते." दोन बायका सूप घेऊन वारा घालायला बसल्या. मग मायने हाक मारली, "आता कांदे आना. फ्रीजमंदी हायेत."

मी दचकलो. "फ्रीजमध्ये कांदे?"

"हौ. सकाळीच ठेवले मी. थंडा कांदा उन्हाले लय चांगला."

"मग इन्सुलिन कुठे आहे?"

"मडक्यात," माय म्हणाली. "ओल्या वाळूत. वावरात राहत व्हतो तवापासून तसंच ठेवतो. तुह्या पेटीचा काय भरवसा?"

म्हणजे मी चाळीस व्हिडिओ पाहिले, टपावर चार पाट्या ठोकल्या, दोन राज्यांतून माल मागवला, आणि त्या सगळ्या यंत्रणेवर अमरावतीहून पातूरपर्यंत थंड करून आणले ते दीड किलो कांदे! गजू हसता हसता खाली बसला. सुनंदा नाही हसली. तिने मडक्यात हात घालून पाहिला, इन्सुलिन गार होतं. तिने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन्ही बघण्यांत फार फरक होता.

मायने एक कांदा फोडून बॅटरीजवळ ठेवला. बाकीचे स्वयंपाकाच्या बायकांनी भाजीसाठी नेले. आम्ही जेवलो. (मी जेवलो म्हणजे ताटाकडे पाहत बसलो.) तासा-दीड तासाने मायने बॅटरीवर हात ठेवला, जसा माझ्या कपाळावर ठेवायची. "उतरलं. लाव आता."

गजूने ती बाजेवरची बॅटरी गाडीच्या दाराशी नेली, मी तारा जोडल्या, बटण दाबलं. कट्! फ्रीज गुरगुरला, कूलर सुटला, आणि सगळ्या वावराने टाळ्या वाजवल्या. मायसाठी. कांद्यासाठी. तोच कांदा हातात उंच धरून गजू ओरडत होता, "लिथियम हारलं, कांदा जिकला!"

हे मात्र मला सहन झालं नाही. मी भर उन्हात, उघड्या डोक्याने, मध्ये जाऊन उभा राहिलो. "चूप बसा! कांद्याने काहीही झालेलं नाही! हे बाष्पीभवन आहे! ओल्या पोत्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं..."

"मंग मास्तर," कोणीतरी विचारलं, "तुमी आदीच काहून नाही केलं?"

याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. समोरच्या एका गजूचे दोन झाले, मग तीन झाले. (एक गजू सोसवत नाही!) निंब वर गेला, जमीन जवळ आली, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा मी निंबाखालच्या बाजेवर होतो. शेजारी बॅटरी. 'पुन्हा तापू नये' म्हणून तिला तारांसकट इकडे आणून ठेवलं होतं, पुन्हा ओल्या पोत्यात, उशाशी कांदा. दोन्ही सुपं तिच्याच बाजूने हलत होती. माय माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणत होती, "यालेही ऊन लागलं, वं. याले बी कांदा लावा."

"माय, कांदे सरले," गजूचा आवाज. "सगळे भाजीत गेले. हा एकच हाय, बॅटरीपाशी. काढून जिजाजीले लावू का?"

सगळे सुनंदाकडे पाहायला लागले. मीही एक डोळा उघडून पाहिलं. बत्तीस वर्षांचा संसार आहे, म्हटलं, आता बाई काय करते पाहू. तिने बॅटरीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे.

"राहू दे बे गज्या, हात नको लावू तिले," ती म्हणाली. "डिसेंबरात आत्याबाईले समुद्र दाखवाचा हाय. तिची अजून पाच वर्षं वॉरंटी हाय. ह्यांची तं साक्षगंधाच्या दिवशीच सरली व्हती."