फिरतीची सायकल आणि शनिवारचे तेल

सायकल बैलगाडीत आडवी घालून परत आली. वर कडब्याच्या पेंढ्या, शेजारी लसीची रिकामी पेटी, आणि गाडीच्या मागून शंकरराव. मंगळवेढ्यापासून ते काही चालत आले नव्हते, पण चेहरा तसाच झाला होता.

"पायडल फिरतं, चाक फिरत नाही," ते म्हणाले. "मंगळवेढ्याला मुक्काम करून सांगोल्याच्या रस्त्याला लागलो आणि एकदम पाय हवेत मारल्यासारखे झाले. चेन तुटली म्हणून वाकून बघितलं, तर चेन जागच्या जागी."

"पडलात?"

"मी नाही पडलो. लस मेली. ढकलत नेईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पाटलानं बायका चावडीपुढं बसवून ठेवल्या होत्या, म्हणून टोचली तशीच. आठ दिवसांनी जाऊन बघितलं. एकाही पोराचं उठलं नाही."

मी सायकल खाली उतरवतोय तोवर लोकल बोर्डाचा पट्टेवाला महादू दारात हजर. सायकलीला हात लावायचा नाही, आहे तशी बोर्डाच्या हॉलमध्ये आणायची, कमिटी बसते आहे, असा चेअरमनसाहेबांचा निरोप होता.

"मास्तर, तुमच्या जुळणीनं बोर्डाची अब्रू गेली म्हन्त्यात रावसाहेब," महादू म्हणाला. "लई तापल्यात."

मी पूर्वी शाळेत शिकवत असे. ती नोकरी सोडून सोलापुरात गिरणीच्या वाटेवर सायकलचे दुकान टाकले, तरी मास्तर हे नाव चिकटले ते चिकटलेच. दुकानात सुटे भाग निवडून गिऱ्हाइकाच्या अंगाला बेतलेली सायकल जुळवून देण्याचे काम मी करतो. तयार सायकल कोणीही विकतो. जुळवलेल्या सायकलला मात्र बनवणारा असतो, आणि काही बिघडले की लोकांना नेमका तोच माणूस आठवतो.

शंकरराव व्हॅक्सिनेटर होते, म्हणजे देवीची लस टोचणारे. कोणत्या बोर्डाचे ते सांगत नाही. तो बोर्ड नसता तर दुसऱ्या एखाद्या बोर्डाने हेच केले असते. हिवाळाभर त्यांची खेड्यांतून फिरती असे. लस काचेच्या नळ्यांतून येई आणि तिला उष्णता सोसत नसे. बैलगाडीने गाव गाठेपर्यंत दुपार होई. मेलेली लस टोचली की पोर रडते ते रडतेच, पण दंडावर फोड येत नाही. त्यालाच 'उठले नाही' म्हणतात. उठले नाही तर देवीपासून बचाव नाही. लागोपाठ दोन हंगाम असेच गेले. गावे शंकररावांना लबाड म्हणू लागली, आणि बोर्डाने त्यांना बजावले की यंदाही उठले नाही तर घरी बसा.

त्यावर त्यांनीच सायकल मागितली. पहाटे निघायचे आणि ऊन चढण्याआधी टोचून मोकळे व्हायचे. आरोग्य कमिटीचे चेअरमन रावसाहेब यांना कल्पना फार आवडली. शेजारच्या बोर्डाने अजून असे केलेले नाही, हे त्यांना आवडण्याचे कारण होते.

सायकल मी मन लावून केली. शंकरराव ठेंगणे, म्हणून फ्रेम लहान घेतली. मागच्या चाकाचे स्पोक जाड घेतले, कारण वजन सगळे मागे येणार होते. पुढचे दातेरी चक्र मुद्दाम लहान लावले. वेग कमी मिळतो, पण माळावरचा चढ न उतरता चढता येतो. टायरच्या आत जुन्या टायरची पट्टी घातली. तिकडच्या वाटांवर बाभळीचे काटे विपुल, आणि काटा कमिटीला विचारून लागत नाही. लसीच्या पेटीला बुरडाकडून वेताचे वेष्टण करून घेतले आणि त्यावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा शिवला. तो ओला ठेवला की पेटी गार राहते. चाके बांधली आमच्या हुसेनभाईंनी. प्रत्येक स्पोक बोटाने छेडून त्याचा आवाज ऐकल्याशिवाय ते चाक हातातून सोडत नसत.

शंकररावांनी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि उतरून नुसते हसले. या धंद्यात याहून मोठे सर्टिफिकेट मिळत नाही.

दसऱ्याला बोर्डात सायकलची पूजा झाली. पूजेला माझी हरकत नाही. खंडेनवमीला मी माझे पाने-पकडी पुजतोच. मी रावसाहेबांना मशीन-ऑइलचा छोटा डबा दिला आणि सांगितले, "महिन्यातून दोन थेंब, एवढंच." भटजी म्हणाले, "हे रॉकेलच्या जातीचं. पूजेला चालायचं नाही." डबा कपाटात गेला. त्यानंतर भाषण झाले. ते ऐकताना देवीच्या रोगाचा या प्रांतातून त्याच दिवशी नायनाट झाला असे वाटले.

सायकल मात्र शंकररावांना दिली नाहीच. हंगाम सुरू होईपर्यंत ती बोर्डाच्या ओसरीत उन्हात हारासकट उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबाला रावसाहेब ती दाखवत. शंकरराव दोनदा मागायला गेले. "सायकल बघाया दिवाणसाहेब आल्यात, ते जाऊ द्या की," असे म्हणून महादूने त्यांना परतवून लावले. फिरतीच्या पहाटे ती त्यांच्या हाती आली, तेव्हा हँडलला सुकलेली झेंडूची माळ होती. ती सोडून ते निघाले.

तर मी सायकल घेऊन हॉलमध्ये गेलो. हत्यारे घेऊन हुसेनभाई बरोबर आले. टेबलामागे रावसाहेब, दोन सभासद आणि एक वकील.

"मास्तर," रावसाहेब म्हणाले, "आम्ही विश्वासानं काम दिलं. सुटे भाग गोळा करून सायकल होत नाही, हे आम्हाला सांगायला हवं होतं तुम्ही."

"आपण इथंच उघडून बघू."

"सभागृहात?"

"अब्रू इथं गेली म्हणता. मग इथंच शोधू."

वकील हसले आणि लगेच खोकले.

मागच्या चाकाला जे दातेरी कडे असते त्याला फ्री-व्हील म्हणतात. पाय थांबले तरी चाक फिरत राहते, ही त्याची करामत. त्याच्या पोटात नखाएवढे दोन पोलादी तुकडे असतात. धंद्यात त्यांना कुत्रे म्हणतात. बारीक तारेची स्प्रिंग त्यांना उभे ठेवते. पायडल मारले की ते आतल्या दात्यांना चावतात आणि चाक ओढले जाते. कुत्रे आडवे झाले तर पायडल कितीही मारा.

हुसेनभाईंनी जमिनीवर फडके पसरले, झाकण सोडवले आणि मान हलवली. "सो गये मास्तर. दोनों कुत्ते सो गये. ये तो डिंक में लिपटे पड़े हैं."

आत पिवळट तपकिरी चिकटा होता. मी तो नखावर घेतला, वास घेतला. घरोघरी तेलाच्या बरणीच्या गळ्याला बसतो तो, राखेने घासल्याशिवाय न निघणारा थर. करडईच्या तेलाचा पातळ थर बसला आणि उन्हात राहिला की वाळून रोगणासारखा होतो. हे आमच्या भागातल्या कोणत्याही सुनेला ठाऊक असते.

"यात करडईचं तेल कोणी घातलं?" मी विचारले.

महादू दारातून म्हणाला, "मी की. दर शनवारी. पळीभर. रावसाहेबांनीच सांगितलं हुतं."

मारुतीला तेल शनिवारी, शनीला तेल शनिवारी. नव्या यंत्राला का उणे ठेवायचे?

"घातलं," रावसाहेब म्हणाले. आवाजात जराही कमीपणा नव्हता. "माझ्या शेतातली करडई, माझ्या घाण्याचं तेल. भेसळ नाही. रोज खातो आम्ही."

"आपण खातो ते पचवायला पोट असतं रावसाहेब. फ्री-व्हीलला पोट नसतं."

"म्हणजे शुद्ध तेलानं बिघाड होतो, आणि तुमच्या त्या वासाच्या तेलानं होत नाही?"

"होय."

"हे पटण्यासारखं नाही."

"पटण्याचा प्रश्नच नाही. ते समोर फडक्यावर पडलंय."

हुसेनभाईंनी तोवर सगळे रॉकेलमध्ये धुतले होते. कुत्रे पुसून बसवले, माझ्याकडच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि सायकल उलटी करून मागचे चाक फिरवले. कट कट कट असा स्वच्छ आवाज हॉलभर झाला. "अब भौंक रहे हैं," ते म्हणाले.

मला वाटले, विषय संपला. मी कमिट्यांमध्ये फारसा बसलेलो नाही.

रावसाहेबांनी कारकुनाला ठराव सांगितला. सायकल हे यंत्र या भागाच्या हवेस मानवत नाही, सबब ते परत घ्यावे. शिवाय व्हॅक्सिनेटरने निघण्यापूर्वी तपासणी केली नाही, सबब त्यास कामावरून दूर का करू नये याचा खुलासा मागवावा. तेल हा शब्द ठरावात कुठेच नव्हता.

शंकरराव भिंतीशी उभे होते. माझे डोके फिरले.

"तपासणी कधी करायची यांनी?" मी म्हणालो. "दोनदा मागायला आले, दोनदा परतवून लावलेत. सायकल तुमच्या ओसरीत, तेल तुमचं, हुकूम तुमचा. पोरांचे दंड फुकट टोचले गेले आणि खुलासा यांनी द्यायचा?"

"मास्तर, आपण ठेकेदार आहात. सभासद नव्हे."

"म्हणूनच दिसतंय मला."

मग वकील कागदांकडे बघत, कोणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले, "आपल्या नियमाप्रमाणे आजचा वृत्तांत पुढच्या सभेत कायम होईल. तोवर ठराव अमलात येत नाही. सायकल आणि माणूस दोन्ही तोवर कामावर आहेत, असं माझं मत."

रावसाहेबांनी त्यांच्याकडे बघितले. वकिलांनी कागदांवरची नजर काढली नाही. सरकारी दिरंगाईचे उपकार मी मानल्याची ही एकच वेळ.

ताजी लस मिळताच आम्ही दोघे निघालो. मी माझ्या सायकलवर. मंगळवेढ्यात मुक्काम करून पहाटेच पुढे सुटलो आणि ऊन कोवळे असताना त्याच चावडीपुढे उतरलो. पेटी हाताला गार लागत होती.

बायका आल्या, पण निम्म्याच. एक म्हातारी नातवाला पदराखाली घेऊन उभी राहिली.

"पुन्हा टोचताव व्हय?" ती शंकररावांना म्हणाली. "मागल्या खेपंला उठलं न्हाय, ते कुणाचं पाप?"

"लस उन्हात मेली होती, आजी. आत्ता बघा, पेटी गार हाय."

"आनि पुन्यांदा न्हाय उठलं तर?"

"तर मला या गावात पाऊल टाकू देऊ नका."

तिने पेटीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग पोराचा दंड पुढे केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यो कोन? सायकलवाला? मग तूच धर पोराला. तुज्याबी हाताला कळू दे की."

मी धरले. पोर माझ्या कानात ओरडले.

आठवड्याने शंकरराव तपासायला गेले. ज्यांना टोचले त्यांचे जवळजवळ सगळ्यांचे उठले होते. पुढची सभा भरली तेव्हा वकिलांनी गावाच्या पाटलाचा जबाब पुढे ठेवला आणि जुना ठराव वृत्तांतातून गळाला. शंकररावांची नोकरी राहिली. त्याच सभेत रावसाहेबांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या सायकल-योजनेबद्दल त्यांचे अभिनंदन झाले आणि आणखी सायकली घ्यायचे ठरले. त्या माझ्याकडून घेतल्या नाहीत. सुट्या भागांची सायकल बोर्डाला शोभत नाही, म्हणून तयार विलायती मागवल्या. त्यांचीही पूजा झाली. तेल कोणते घातले ते मी विचारायला गेलो नाही. दुरुस्तीला माझ्याकडेच येणार होत्या, आणि आल्याही.

ज्या बायांनी दुसऱ्या खेपेला पोरे आणली नाहीत, त्या पोरांचे पुढे काय झाले ते शंकररावांनी मला कधी सांगितले नाही. मीही विचारले नाही. त्या वाळलेल्या तेलाचा हिशेब कोणत्याही वृत्तांतात नाही, आणि त्याचाच मला अजून राग येतो.

धंद्याचा एक नियम तेव्हापासून मी पाळतो. कोणते तेल घातले यापेक्षा कोणाचे घातले हे मोठे मानणाऱ्या माणसाला सायकल विकावी. पण फ्री-व्हीलचे तेल सोडायचे तोंड कुठे असते, हे त्याला दाखवू नये.