तिचं मानेसर

दिल्लीतल्या आमच्या संस्थेत उन्हाळ्यावरचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा मी तिथली जुनी समाजशास्त्रज्ञ होते आणि ती नुकतीच आलेली. उष्णतेची लाट आली की कुणाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, आणि तो सगळ्यांवर सारखा का होत नाही, हे आम्हाला शोधायचं होतं. प्रकल्प सांभाळणाऱ्या सरांनी कामाची वाटणी केली. मला गुरुग्राममधल्या उंच इमारतींच्या सोसायट्या मिळाल्या. तिला गुरुग्रामच्या पलीकडचं मानेसर मिळालं, तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायका आणि त्यांच्या भाड्याच्या खोल्या.

"तुम्ही दिल्लीतच वाढलात, त्या लोकांशी तुमचं छान जुळेल," सर मला म्हणाले.

मी "बिल्कुल" म्हटलं. घरी येऊन आईशी विनाकारण भांडले.

ती चंद्रपूरची. उन्हाचं तिला कौतुकही नव्हतं आणि भीतीही नव्हती. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या माझ्याकडे उन्हासाठी एकच शब्द होता, गर्मी. तिच्याकडे झळा होत्या, काहिली होती, तलखी होती, उकाडा वेगळा आणि ऊन लागणं वेगळं होतं. एकदा ती आमच्याकडे जेवायला आली. मी ताक आणायला स्वयंपाकघरात गेले तर मागे आईच्या आणि तिच्या हसण्याचा आवाज. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आईचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य दिल्लीत गेलेलं. मराठी बोलायला तिला मीच काय ती होते. ती गेल्यावर आई म्हणाली, "हिच्याशी बोललं की कसं माहेरचं माणूस येऊन गेल्यासारखं वाटतं."

"आणि माझ्याशी?" मी विचारलं.

"तुझ्याशी बोलताना मला मधेच हिंदी आठवावं लागतं," आई म्हणाली. तिला त्यात काही लागण्यासारखं वाटलं नाही.

माझं गुरुग्राम असं होतं: गेटवर नाव लिहा, फोन होईपर्यंत थांबा, लिफ्टने वर जा, थंडगार दिवाणखान्यात बसा. बायका सभ्य होत्या. शिकंजी, म्हणजे लिंबूसरबत, द्यायच्या. "गर्मी तो है, पर हमारे यहाँ पावर बैकअप है," असं म्हणून त्या माझ्याकडे बघायच्या, आता पुढे काय विचारणार म्हणून. पुढे विचारण्यासारखं मलाही फारसं सुचत नसे.

ती मात्र मानेसरहून शेअर ऑटोतून घामाघूम होऊन यायची आणि डबा उघडता उघडता सांगत सुटायची. कोण खिडकीला ओली साडी बांधतं, वरच्या मजल्यावरच्या खोलीत संध्याकाळी भिंतीला हात लावला तर कसा भाजतो, कारखान्यात लाइनवर उभी असताना कुणाला चक्कर आली. सगळा विभाग तिच्या टेबलाभोवती. मानेसरच्या बायका तिला फोन करायच्या, पोराच्या तापाबद्दल विचारायच्या, तिला लग्नाला बोलवायच्या. सर तर पाहुण्यांना तिची ओळखच अशी करून द्यायचे, "ये हमारा मानेसर है." मी शेजारी उभी असायचे. मला कुणी कधी आमचं गुरुग्राम म्हटलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, तिला कावीळ झाली. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि सरांनी तिचं उरलेलं काम माझ्याकडे दिलं. मी तिला भेटायला गेले, मोसंबी घेऊन. ती पिवळी पडली होती, बोलतानाही दमत होती. तरी उशाला टेकून तिने मला एकेक घर समजावून सांगितलं, कुणाचा नवरा चिडका आहे, कुणाकडे चहा नको म्हणायचं नाही. मी मान हलवत होते आणि मनात एकच, आता मानेसर माझं.

ते माझं झालं नाही. पहिल्याच दिवशी जिन्यात एका बाईने विचारलं, "वो वाली दीदी नहीं आई?" ती आजारी आहे म्हटल्यावर खोल्याखोल्यांतून बायका बाहेर आल्या, तिची चौकशी करून परत आत गेल्या. प्रश्नांना उत्तरं दिली, पण दारातच उभ्या राहून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. एकीने तिच्यासाठी लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली. काविळीत लोणचं चालत नाही, असं मी म्हणाले नाही. बरणी पिशवीत ठेवली आणि पुढची खोली गाठली.

अगदी वरच्या मजल्यावर, गच्चीच्या स्लॅबखाली, एक बाई राहत होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. नेहमीचे प्रश्न संपले. पाणी भरपूर पिते, झोप बरी लागते, सब ठीक है. तळमजल्यावरच्या खोल्या त्यामानाने गार होत्या, ते मी येताना पाहिलं होतं. आणि माझ्या डोक्यात त्या दिवसांत मत्सराशिवाय दुसरं काही नव्हतंच, म्हणून असेल, मी यादीत नसलेला प्रश्न विचारला. नीचे वालों को देखकर जलन होती है क्या, असं मला विचारायचं होतं. पण तेवढ्यात खाली कुणीतरी मोटारसायकल चालू केली आणि तिला शेवटचेच शब्द ऐकू आले.

"जलन होती है क्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. उठून दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "होती है. बहुत होती है. आपको किसने बताया?"

क्षणभर मला काही कळेना. मग कळलं. ती लघवीच्या जळजळीबद्दल बोलत होती.

आणि मग तिने सगळं सांगितलं. मजल्यावर एकच संडास, त्याची कडी तुटलेली. सकाळी पुरुषांची रांग. कारखान्यात लाइन सोडायची तर सुपरवायझरला विचारायचं, आपल्या जागी उभं राहायला कुणी मिळेपर्यंत थांबायचं, आणि तो सगळ्यांसमोर म्हणणार, फिर से? म्हणून ती पाणीच पीत नव्हती. सकाळी घोटभर, मग घरी आल्यावर. जेवढं ऊन जास्त तेवढी जळजळ जास्त. मग ताप. खालच्या दोघींना मुतखडा झालेला. "सबको है," ती म्हणाली. "कोई बोलता नहीं."

"पर आपने दीदी को तो बोला था, खूब पानी पीते हैं?"

ती हसली. "वो इतने प्यार से समझाती थी पानी पियो, पानी पियो. उसको ना कैसे बोलते?"

शेअर ऑटोत बसल्या बसल्या मी वही उघडून सगळं लिहून काढलं. त्या बायका वर्षभर तिला घरच्यासारखं मानत आल्या होत्या, आणि तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत आल्या होत्या. माझं कुणाला काही पडलेलं नव्हतं, म्हणून मला खरं मिळालं. मला आनंद झाला. त्या बाईला ताप होता हे माहीत असूनही झाला. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या डॉक्टर मैत्रिणीला घेऊन मी परत गेले. मजल्यावरच्या सगळ्या बायकांना तिने एका खोलीत बसवून तपासलं आणि औषधं दिली.

काविळीतून उठून ती कामावर आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. खरं तर मी त्या क्षणाची वाट पाहत होते. ती ऐकत राहिली. चेहरा उतरला.

"बाप्पा," ती म्हणाली. "मी एवढी जात होते. मला कशा नाही बोलल्या गं?"

मी खांदे उडवले. ते खांदे उडवणं अजून मला आवडतं.

हिवाळ्यात कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका गेस्ट हाऊसच्या सभागृहात आमच्या प्रकल्पाचं चर्चासत्र झालं. मांडणी तिने करायची असं सरांनी ठरवलं, कारण तिला बोलता येतं. मी दुसऱ्या रांगेत बसून तयारीत होते. ती माझं नाव गाळणार, मग मी हात वर करणार. पण ती सुरुवातीलाच थांबली आणि म्हणाली, "यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला दिसला नव्हता, माझ्या सहकारी बाईंना दिसला." तिने मला उभं केलं. टाळ्या वाजल्या. "मला वाटलं मला सगळं सांगतात," ती माइकवर म्हणाली, "आणि तिथेच चुकलं." लोक पुढे सरकून ऐकू लागले आणि ते सगळं सत्र पुन्हा तिचंच झालं. चहाच्या वेळी लोक तिच्याभोवती. मी माझी टाळी घेऊन बिस्किटांपाशी उभी.

काही महिन्यांनी मी मानेसरला गेले, माझ्या लेखासाठी थोडं विचारायचं राहिलं होतं म्हणून. वरच्या मजल्यावरची ती बाई बरी दिसत होती. संडासाला नवी कडी होती, आणि सकाळी आधी बायका मग पुरुष, असं घरमालकाने सगळ्यांना बजावलं होतं.

"दीदी आई थी," ती म्हणाली. "मकान मालिक के साथ बैठी, चाय पी, करवा के गई. फ़ैक्टरी में सुपरवाइज़र तो वही है. आपको बताया नहीं?"

मी ऑफिसात येऊन तिला विचारलं. ती डबा धूत होती.

"अगं, त्यात काय सांगायचं? कडीच तर होती."

तुटलेल्या कडीवर मी माझ्या लेखात एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. चांगला झाला होता तो.

पुढे ती नोकरी सोडून पुराचा फटका बसलेल्या भागांत काम करायला गेली. आई तिच्याशी फोनवर बोलत असे, आपल्या शेवटच्या आजारपणातही, आणि बोलून झाल्यावर आईचा चेहरा उजळलेला असे. मी फोन घेऊन बाजूला ठेवत असे. तिचा लेख कुठे आला की तो मी अजून सगळ्यांच्या आधी वाचते, हातात पेन्सिल घेऊन. चूक सहसा सापडत नाही. एकदा सापडली. मी लगेच फोन लावला.

"बरं झालं सांगितलंस," ती हसत म्हणाली. "इतकं बारीक वाचणारं मला दुसरं आहे तरी कोण?"

मला त्या दिवशी काही काम सुचलं नाही.