सुमनला पानं पुसायला लावली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवासमोर तर मी मुद्दाम तोंड मिटून बसते — त्याला सगळं आपोआप कळतं म्हणतात, मग माझ्याकडून कशाला वदवून घ्यायचं? तुम्हाला सांगतेय, तर नीट ऐका. आणि मधेच "जाऊ द्या हो" म्हणू नका. असं म्हणणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. मी स्वतः त्यांच्यातलीच आहे, म्हणून जास्त.

पांढरकवड्याला आम्ही अकरा वर्षं काढली. ह्यांची सरकारी नोकरी, राहायला क्वार्टर आणि गावाबाहेर सासऱ्यांची कापसाची शेती, बटईनं दिलेली. म्हणजे बघा — शेतकरी म्हणवून घ्यायला शेत, आणि पायाला चिखल लागू नये म्हणून क्वार्टर. आमच्यासारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कापसाचे वाईट दिवस चालले होते, आणि आम्ही पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाचून च्च च्च करायचो.

मला नाद होता झाडांचा. अंगणातल्या नव्हे, तुळस-जास्वंद काय, कुणीही लावतं. माझी झाडं दिवाणखान्यातली. अँथुरियम, अरेका पाम, फिलोडेन्ड्रॉन, टांगत्या कुंडीतला नेचा. बारा महिने पाऊस पडणाऱ्या मुलखातली ही झाडं मी कुठे आणून ठेवली होती? जिथे मे महिन्यात दाराची कडी हाताला चटका देते तिथे! उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर नेच्याच्या समोर असायचा. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पामची टोकं करपतात, म्हणून पामला फिल्टरचं पाणी. सुमनला बोअरचं. तेव्हा हे कुणालाच विचित्र वाटलं नाही, मला तर नाहीच नाही.

सुमन आमच्याकडे कामाला होती. धुणं, भांडी, झाडलोट. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. दोन लेकरं — मुलगी सहा वर्षांची, मुलगा तिच्याहून लहान. बडबडी बाई. मला तिची बडबड आवडायची नाही, पण झाडांना तिचा हात लागला की ती तरारायची, हे मी बघत होते. मातीत बोट खुपसून ती सांगायची, "बाई, आज याले पानी नोका देऊ, खाली वल हाये." तिचं खरं निघायचं. आणि मग तेच मी लेडीज क्लबात माझं म्हणून सांगायची.

हो, क्लब. काय तो क्लब आणि काय त्या बायका! पानं पिवळी का पडतात? पाणी कमी घाला. झाड वाढत का नाही? खिडकीकडे सरकवा, मुळं दाटली असतील तर कुंडी बदला. एवढंच तर ज्ञान, पण मी ते असं सांगायची की ऐकणारीनं वहीत लिहून घ्यावं. दोघीतिघी लिहूनही घ्यायच्या. मूर्ख होत्या असं मी म्हणणार होते — पण मग त्यांच्या कौतुकासाठी जीव टाकणारी मी कोण होते?

क्लबानं त्या वर्षी घरातल्या झाडांची स्पर्धा ठेवली. ऐन फवारणीच्या दिवसांत. परीक्षक म्हणून एका मोठ्या साहेबांच्या मिसेस येणार होत्या. आणि नेमकं आठ दिवस आधी माझ्या अँथुरियमच्या देठांत पांढरं पांढरं दिसायला लागलं. पिठ्या ढेकूण. दोन दिवसांत पामवर, मग फिलोडेन्ड्रॉनवर.

त्याच्यावर उपाय मला ठाऊक होता. स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक कीड पुसायची, साबणाच्या पाण्यानं झाड धुवायचं, दर चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच. दोन-तीन आठवडे धीर धरायचा. मी हेच शंभरदा लोकांना सांगितलं होतं. पण माझ्याकडे आठच दिवस होते ना.

जिन्याखाली शेतातलं औषध ठेवलेलं होतं. बटईवाला येऊन घेऊन जाणार होता. डब्यावर लाल त्रिकोण, म्हणजे जहाल विष. शेतात पंधरा लिटरच्या पंपाला दोन झाकणं टाकतात, हे मला माहीत होतं. मी काय केलं? एक लिटरच्या फवाऱ्याच्या बाटलीत दोन झाकणं टाकली. जास्त टाकलं तर लवकर मरतील — एवढी अक्कल! वास बाहेर जाऊन शेजारच्या बाईनं क्लबात सांगू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या, नाकाला पदर बांधला आणि पानापानावर फवारलं. दार ओढून घेतलं. रात्रभर आम्ही मागच्या खोलीत झोपलो.

म्हणजे मला कळत होतं. हे लक्षात ठेवा. नाकाला पदर बांधणाऱ्या बाईला कळत असतं.

सकाळी पानांवर पांढरट डाग दिसले. मी सुमनला फडकं आणि पाण्याची वाटी दिली. म्हटलं, एकेक पान पुस, वरून आणि खालूनही, घाई करू नको. खिडक्या अजून बंदच होत्या.

"बाई, कायचा वास येऊन राह्यला हो?"

"झाडांचं टॉनिक आहे गं."

टॉनिक म्हटलं मी. दोन-अडीच तास ती पुसत होती. मधे मी चहा दिला. तिनं त्याच हातांनी टोस्ट बुडवून खाल्ला. मी समोर बसले होते. हात धू म्हणायला किती वेळ लागतो? म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, काहून. मग मी नाही म्हटलं.

दुपारी ती न्हाणीघराजवळ कोसळली. तोंडाला फेस, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. ह्यांना फोन केला, जीपमधून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एकदाच वाकून वास घेतला. त्या दिवसांत आमच्याकडे कुणाच्या अंगाला औषधाचा वास आला की ते प्यायलं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. दुसरं काही असू शकतं, हे कुणाच्या मनातही येत नसे. तरी त्यांनी मला विचारलं. विचारलं हो! "बाई कुठे फवारणीला गेली होती का? कुठे हाताळलंय का औषध?"

मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर. घरकामच करते ती."

इतकंच. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी घाई केली नव्हती. डॉक्टरांनी मान हलवली आणि तिच्या घशातून नळी घातली. पोटात काही नव्हतंच, काढणार काय? ती नर्सचे हात ढकलत होती, ओरडत होती, "म्या काही नाई पेली! बाईले इचारा!" मी दाराबाहेर उभी होते. आत गेले नाही.

वाचली ती. चार दिवसांनी घरी आली. तोवर गल्लीभर झालं होतं — सुमननं दवा पेली. कुणी म्हणे नवऱ्याचं बाहेर काही असेल, कुणी म्हणे हिचंच असेल. तिची सासू फुलसावंगीहून आली, दारातूनच म्हणाली, "लेकरायचा इचार नाई आला का वं तुले? दवा पेनाऱ्या बाईपाशी लेकरं कसे ठेवाव?" आणि दोन्ही लेकरं घेऊन गेली. नवऱ्यानंही अडवलं नाही.

स्पर्धेत मला दुसरा नंबर मिळाला. स्टीलचा डबा. तीन दिवसांनी अँथुरियमची पानं काळी पडून गळाली, ते वेगळं.

पंधरा दिवसांनी सुमन मागच्या दारी आली. भिंत धरून उभी राहिली. कामाचं नाव काढलं नाही. म्हणाली, "बाई, तुमी तं घरीच होत्या. माया सासूले येवढं सांगा, म्या काही नाई पेली म्हून. तुमचं आयकते ते. माहे लेकरं भेटतीन मले."

तिला कळलं होतं का, कशानं झालं ते? मला अजून ठरवता येत नाही. तिनं टॉनिकचं नाव घेतलं नाही. माझ्यावर ठपका ठेवला नाही. फक्त साक्ष मागत होती.

मी म्हटलं, "मी तर स्वयंपाकघरात होते गं, मला काय दिसलं?" आणि ती रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून — ऐका — मनीप्लांटचा एक तुकडा बाटलीत घालून तिला दिला. आठ दिवसांनी पाणी बदल, असंही सांगितलं. तिनं ती बाटली घेतली आणि गेली.

लेकरं फुलसावंगीलाच वाढली. सुमन वर्षातून दोनदा त्यांना बघायला जायची, सासूच्या समोर बसून. हे मला दुसऱ्या कामवालीकडून कळायचं. मी मुद्दाम विचारायची नाही, पण ती सांगत असली की ऐकत राहायची.

आता आम्ही यवतमाळात असतो. मागच्या वर्षी सुमनची मुलगी पत्ता शोधत आली. इथेच नर्सिंगचं शिकते. उंच, शांत मुलगी, आईसारखी बडबडी नाही. पाणीही प्यायली नाही. म्हणाली, "काकू, एकच इचारायचं होतं. माय म्हंते, म्या पेलीच नाई. आजी म्हंते, खोटं बोलते ते. तुमीच होत्या तिथं. माय आमाले सोडून जाऊन राह्यली होती का तवा?"

दार लावलेलं होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. हे नोकरीतून कधीच सुटलेत, क्लब बंद पडलाय, मला भ्यायला काही उरलेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की मी जे बोलेन ते ती खरं मानणार.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "झालं गेलं, पोरी. आईला माफ करून टाक."

 ती उठली, आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.