कोपऱ्यातला नंबर

शहागडच्या पुलाकडून येताना डाव्या हाताला एक हिरवी पाटी लागते. पेट्रोलपंपाचं चित्र, नळीच्या जागी वायर आणि पिन, खाली बाण. ती पाहिली की मला शिसारी येते. मला लिहायची सवय नाही, नीट जमेल की नाही ठाऊक नाही. पण ती पाटी बदरोद्दीनच्या हातची, म्हणून लिहितो.

बदरोद्दीन पेंटर माझा शेजारी. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती रंगवतो. प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘बदर’ आणि फोन नंबर. त्यावरूनच पुढचं काम मिळतं.

सोमेश्वरने आपल्या ढाब्यासमोर विजेच्या गाड्या चार्ज करायचं मशीन उभं केलं, तेव्हा पाटी आणि जमिनीवरचा हिरवा चौकोन बदरनेच रंगवला. “आठ दिवसांत लाइट येती,” सोमेश्वर म्हणाला होता. पाच महिने झाले. मशीनवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघाला नाही. त्याच्या आडोशाला लोक लघवी करतात. कागदावर गुटख्याच्या पिचकाऱ्या, चौकोनात खरकट्याच्या बादल्या.

पाटीवर नंबर एकच, बदरचा. अडकलेले लोक त्यालाच फोन लावून शिव्या देत. “मी पेंटर हाय, साहेब,” एवढंच तो म्हणे.

एप्रिलात भर दुपारी एका बाईचा फोन आला. ती रडत होती. आम्ही माझ्या स्कूटरवर गेलो. बाण पाहून तिने गाडी वळवली होती, आता पुढे जाण्याइतकी बॅटरी नव्हती. ऑपरेशन झालेले तिचे वडील ढाब्याच्या खाटेवर घामाने निथळत पडले होते. तोंडावर माशा.

“शेठ, लाइट येईपर्यंत बाण पुसून टाकतो,” बदर म्हणाला.

सोमेश्वर दात कोरत हसला. “बदरभाई, बाण दिसतो म्हणून गाडी वळती. गाडी थांबली की माणूस जेवतं. तुमचं काय जाऊन राह्यलं?”

“नाव.”

“मंग नाव पुसा की! बाण माझा हाय.”

मी मात्र सोमेश्वरने पुढे केलेला चहा प्यालो. त्या चहाची किळस अजून जिभेवर आहे.

गाडी टेम्पोवर चढवून नेली. दुसऱ्या दिवशी बदर शिडी घेऊन गेला. बाणाला हात लावला नाही. खाली हातभर अक्षरांत लिहिलं : ‘वीज नाही. वळू नका. बदर.’ नंबरही तेवढाच मोठा.

“पुस ते!” सोमेश्वर ओरडला.

“नंबर लिहेल हाय, शेठ. फोन करा.”

सोमेश्वरने त्यावर डांबर फासलं. बदरने पुन्हा लिहिलं. असं तीनदा झालं.

काल परत डांबर दिसलं. संध्याकाळी बदर ब्रश, डबा आणि शिडी घेऊन माझ्या दारात उभा. “भागवतभाऊ, येता का?”

मी स्कूटर काढली. या खेपेला शिडी मी धरली.