नखाएवढी शेपटी

केबलचं टोक सोललं की पास्कलकाका त्यावर अंगठ्याचं नख टेकवायचे. बाहेरचे सिग्नल अडवायला तारेभोवती तांब्याची जाळी असते; टोकाला ती पिळून तिची शेपटी जोडतात. ती नखापेक्षा लांब दिसली तर काम पुन्हा. वागळे इस्टेटमधल्या आमच्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘नखवाले’ म्हणत. जेवायला ते टेस्टिंगच्या टेबलाशी एकटेच बसत.

मी डोंबिवलीहून नवी आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका केबलला जोडलेला इअरफोन दिला. सिग्नल शेजारच्या केबलमध्ये होता, माझी रिकामी. तरी बारीक शिट्टी ऐकू आली.

“जाळी असून?”

“शेपटीपाशी उघडीच ना पोरी ती. तिथून शेजारचं शिरतं. रिकाम्या तारेने गप्प राहायला पाहिजे.”

मी गेटवर कामगारांच्या सुरक्षेची पत्रकं वाटायचे. काका एक घडी घालून खिशात ठेवत. “लिहितेस झकास. जोडणी पण तशीच कर.”

मग डोंबिवलीतल्या एका केमिकल कारखान्यासाठी गॅसच्या धोक्याची घंटा वाजवणारं पॅनेल आलं. घाईत शेपट्या बोटभर राहिल्या, आणि दिसायला छान म्हणून सगळ्या केबली एकाच जुडग्यात आवळलेल्या. काकांनी रिपोर्टवर सही केली नाही.

“शिट्टीने कोण मरतं, पास्कल?” साहेब हसले.

“शिट्टीने नाही. शेजारचं शिरून घंटा तीनदा खोटी वाजली, की चौथ्यांदा माणूस जागचा हलत नाही.”

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मला त्या महिन्यात कायम करणार होते. मी सही केली. काकांनी इअरफोन गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

पत्रकात गुन्हेगाराचं नाव ठळक छापायची मला सवय. त्या महिन्यात एक ओळ लिहिता आली नाही. शेवटी मीच त्या कारखान्याला फोन करून खरं सांगितलं. त्यांनी पॅनेल उघडायला लावलं. दोन दिवस बसून मी प्रत्येक शेपटी नखाला लावून कापली, जुडगं सोडवलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला कायमचं घरी पाठवलं.

काकांना सांगायला बाळकुमला गेले. टॉवरांच्या मधे त्यांचं बैठं घर, दाराला कुलूप.

“पास्कल? पंधरवडा झाला त्याला जाऊन,” शेजारीण म्हणाली. “तू कामावरची काय? तिथलं कोणीच आलं नाय मातीला.”

मी पायरीवर बसले. वरून कुणाचा टीव्ही, कुणाचं भांडण ऐकू येत होतं. माझ्या पाठीमागचं घर गप्प होतं.